‘गवंडी’ची साफसफाई

हैदराबाद, ९ जानेवारी २०२५

मैत्रेयीस जयभीम.

ख्यालीखुशाली विचारायला लिहीत न्हाई. चार वर्षांत तू माझी विचारली न्हाईस, मीबी तुझी विचारली न्हाई. सरळ मुद्द्यावर येतो.

काल नेटवर ‘गवंडी’चं पान उघडलं. पेनड्राइव्हवरून चालणारा अख्खा भाग गायब! माझ्या नावाच्या फायलीच न्हाईत. बदलाच्या नोंदीत तुझे दोन शब्द: ‘जुनी साफसफाई’. कामून काढलंस? कुणाला विचारून?

बीदरला इंजिनिअरिंगला असताना मी हे अवजार लिहिलं, तवा तू आपल्या गावात, मेहकरच्या शाळेत होतीस. प्रोग्रामचे सुटे तुकडे गोळा करून, क्रमानं रचून चालता प्रोग्राम उभा करायचा, म्हणून नाव ‘गवंडी’. तवा आपल्या गावात नेट मिळायचं न्हाई. म्हणून मी तो भाग केला. शहरात सगळे तुकडे एका गाठोड्यात बांधायचे, पेनड्राइव्हवर घालून गावाकडं न्यायचे आणि नेटशिवाय तिथं उघडायचे. मेहकरच्या एका पोराची ही अक्कल कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी वापरली. ‘गवंडी’ फुकट आहे, कुणीबी वाचावा, सुधारावा. पण सुधारणं वेगळं आणि चुलतभावाचं काम गुपचूप पुसणं वेगळं.

रविवारपर्यंत होतं तसं परत ठेव. न्हाईतर मी ठेवीन. मूळ मालकीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, अजून माझ्याकडं आहे.

बुद्धरत्न

•

कलबुर्गी, ११ जानेवारी २०२५

दादा, जयभीम.

पत्र वाचलं. लहानपणी कॅरममध्ये हरायला लागलास की असाच ओरडायचास.

२०२१ ला तू फोन करून म्हणालास, “मैत्रे, माझ्याच्यानं होईना, तू बघ.” तेवढंच बोललास आणि ठेवलास. तवापासून मी बघायले. दिवसभर पॉलिटेक्निकात शिकवते आणि घरी आले की लोकांच्या तक्रारी वाचते. फुकट वापरणारे लोक लिहितात, ‘तुमच्यामुळं आमचं काम अडलं, लाज कशी वाटत न्हाई?’ त्यांना मी उत्तरं देते. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहावी वाटली न्हाई.

तुझा कोड कसा होता, सांगू? एकच काम तीन जागी तीन तऱ्हांनी केलेलं. व्हेरिएबलांची नावं ‘अ१’, ‘अ२’, आणि एकाचं तर ‘भूक’. एका जागी तुझी टीप: ‘हे कामून चालतं माहीत न्हाई, हात लावू नये.’ मी हात लावला. गाठोड्याचा भाग काढायच्या आधी पानावर सूचना ठेवली होती, कुणी वापरत असाल तर कळवा म्हणून. कुणी कळवलं न्हाई. तूबी न्हाई.

तो भाग काढायचं आणखी एक कारण आहे. ते लिहून सांगण्यासारखं न्हाई. फोन कर, सांगते. पण परत ठेवू नको.

मैत्रेयी

•

हैदराबाद, १४ जानेवारी २०२५

मैत्रेयी,

फोन करणार न्हाई. जे आहे ते सगळ्यांसमोर होऊ दे. तुझं पत्र मी इंग्रजीत उतरवून ‘गवंडी’च्या पानावर टाकलंय. अवजार सांभाळणारी बाई मूळ लिहिणाऱ्याशी कशी बोलते ते लोकांना कळायला पाहिजे.

खाली काय काय लिहिलंय बघ. आळंदचा मल्लप्पा तुला माहीत असंल. कॉम्प्युटरचे क्लास घेतो आणि कानडी-मराठी टंकायचं फुकट सॉफ्टवेअर ‘गवंडी’वर उभं करतो. त्यानं लिहिलंय, ‘या मॅडमना स्वतःचं काही लिहिता आलं न्हाई, म्हणून दुसऱ्याचं पुसत बसल्यात.’ गाठोडं वापरणारं कुणी न्हाई म्हणालीस न? हा एक बघ.

तुझं ते ‘आणखी एक कारण’ मला कळतंय. माझं नाव खाली गेलं की तुझं वर येतं. फोनवर गोड बोलून मला गुंडाळता येईल असं वाटलं व्हय?

बुद्धरत्न

•

कलबुर्गी, १५ जानेवारी २०२५

दादा,

भावाला लिहिलेलं पत्र तू चव्हाट्यावर टाकलंस. ते मला वर्गातल्या पोरींनी त्यांच्या मोबाईलवर दाखवलं. “मॅडम, हे तुम्हीच का?” म्हणून विचारल्या. व्हय म्हणाले आणि फळ्याकडं तोंड केलं.

त्या पानावर एका अनोळखी माणसानं लिहिलंय की ही नक्की आरक्षणातून आलेली असणार. त्याखाली तुझं उत्तर शोधलं. वरच्या माणसाला तू धन्यवाद दिलेस, खालच्याला दिलेस. मधल्या त्या ओळीवर तू गप्प. दादा, तुझं आणि माझं आडनाव एकच आहे. तुला कळलं न्हाई असं म्हणू नको.

कारण मी आता मुळीच लिहिणार न्हाई. लिहिलं तर तेबी तू पानावर टाकशील, आणि ते तिथं गेलं तर ज्यांचा आपल्या भांडणाशी काही संबंध न्हाई त्यांचं नुकसान होईल. फोन उचल. कालपासून लावायले.

मैत्रेयी

•

हैदराबाद, २० जानेवारी २०२५

मैत्रेयी,

कोण काय लिहितो त्याला मी जबाबदार न्हाई.

काढलेला भाग परत ठेवलाय. नवी आवृत्ती काढून सगळीकडं जाहीर केलंय. ‘गवंडी’त बदल करायचा तुझा हक्क आजपासून काढून घेतलाय. मल्लप्पानं नवी आवृत्ती लगेच उतरवून घेतली आणि माझे आभार मानले.

हा विषय माझ्याकडून संपला.

बुद्धरत्न

•

कलबुर्गी, २१ जानेवारी २०२५

दादा,

भांडण बाजूला ठेव. हक्क काढलास, काढ. पण ती आवृत्ती आजच्या आज मागं घे. पाया पडते म्हणाले असते, पण तुला त्यातबी माझा डाव दिसंल.

शुक्रवारी रजा काढून हैदराबादला तुझ्या ऑफिसात यायले. समोर बसून पाच मिनिटं ऐक. मग जन्मात बोलू नको.

मैत्रेयी

•

बीदर, नौबाद, २५ जानेवारी २०२५

दादा,

हे कागदावर लिहायले, म्हणजे तुला एका बटणानं जगाला दाखवता येणार न्हाई.

काल तुझ्या ऑफिसात गेले. दारावरच्या माणसानं तुझं नाव ऐकून सांगितलं, “वो तो अगस्त में ही चले गए.” मी तिथंच उभी राहिले. चहाला खाली आलेल्या, तुझ्यासोबत काम करणाऱ्या निंबर्ग्याच्या शिवशंकरनं मला ओळखलं. तो एकदा तुझ्यासोबत मेहकरला जेवायला आला होता न, तोच. त्यानं सांगितलं की एका दिवसात कितीतरी जणांना काढलं, त्यात तू होतास. पत्ताबी त्यानंच दिला. म्हणजे वर ‘हैदराबाद’ लिहिलेली तुझी सगळी पत्रं बीदरच्या या खोलीतून आली. मेहकर याच जिल्ह्यात, इथून किती लांब आहे रे? ज्ञानोबाकाका अजून पारावर सांगतात, माझा लेक मोठ्या कंपनीत आहे म्हणून.

झहीराबादवरून बस धरून आले. आता तुझ्या पायरीवर बसलेय. घरमालकीण गुरुबाई अक्का म्हणाल्या, “आत हाय की, आत्ताच दूध घेऊन गेला.” आत पंखा चालू आहे. मी दार वाजवलं, हाका मारल्या. तू उघडलं न्हाईस. बरं.

आता कारण ऐक. ऑक्टोबरात एका परदेशी विद्यार्थिनीचं खाजगी पत्र आलं. तुझ्या गाठोड्यात एक भोक आहे. गाठोडं उघडताना आत कुणी हुकूम लिहून ठेवला असंल, तर ‘गवंडी’ विचारपूस न करता तो पाळतो. फायली पुसायचा हुकूम असंल तर फायली पुसतो. तू कॉलेजात लिहिलास तवा गाठोडी बांधणारा तूच आणि उघडणारा तूच, म्हणून ते दिसलं न्हाई. आज कुणीबी विषारी गाठोडं बांधून कुणालाबी पाठवू शकतो.

अशा वेळी आधी भोक बुजवायचं, लोकांना नवी आवृत्ती घेऊ द्यायची आणि मगच जाहीर करायचं, न्हाईतर चोराला रस्ता दाखवल्यासारखं होतं. मला ते नीट बुजवता येईना. तीन जागी तीन तऱ्हा, एक बुजवलं की दुसरीकडून उघडं. म्हणून तो भागच काढला आणि नोंदीत ‘साफसफाई’ लिहिलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गप्प राहायचं त्या पोरीशी ठरलं होतं. तू ते ढोल वाजवून परत ठेवलंस. ‘काढलं कामून’ आणि ‘परत ठेवलं कामून’ यावर एवढा गोंधळ झाल्यावर कुणीतरी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघणारच, आणि भोक त्याला दिसणारच.

विश्वास नसंल तर स्वतः करून बघ. अजून वेळ आहे.

हे दाराखालून सरकवायले.

मैत्रेयी

•

बीदर, ३० जानेवारी २०२५

मैत्रेयी,

तू पायरीवर होतीस तवा मी दाराला पाठ लावून उभा होतो. तू कागद सरकवलास, तो मी दोन दिवस उचलला न्हाई. तुझं हस्ताक्षर दिसत होतं. मनात म्हणालो, पडू दे, मला शिकवायला आलीय.

सोमवारी उचलला. करून बघितलं. गाठोड्यात एक हुकूम घातला, उघडलं, आणि माझ्या समोर माझी फाईल गेली. तुझं खरं आहे. आवृत्ती तेव्हाच मागं घेतली.

उशीर झाला होता. रविवारी मल्लप्पाला कुणीतरी ‘नवीन कानडी अक्षरं’ म्हणून गाठोडं पाठवलं. त्यानं उघडलं, आणि मशीनवरचं सगळं पुसलं गेलं. त्याचं सॉफ्टवेअर वाचलं, ते नेटवर होतं. पण त्याच मशीनवर त्यानं आळंद भागातल्या म्हाताऱ्या बायकांची बोली साठवली होती. गावोगाव फिरून, कानडी-मराठी-दखनी मिसळून त्या बोलतात ते सगळं. जात्यावरची, शेतातली, भांडणाची बोली. दुसरी प्रत शेजारच्या डिस्कवर होती, ती मशीनला जोडलेली होती. तीबी गेली. त्यांतल्या कितीतरी बायका आता न्हाईत.

मी माफी मागायला लिहीत न्हाई. माझंबी ऐक. ऑगस्टपासून मी मुलाखती द्यायलोय. माझ्याकडं दाखवायला दुसरं काय आहे? कंपनीतलं काम कंपनीचं. दर वेळी सांगतो, हे अवजार माझं, हा भाग मी एकट्यानं लिहिला. या महिन्याच्या सुरुवातीला पुण्याच्या एका साहेबानं समोरच पान उघडलं आणि म्हणाला, “दिसत नाही कुठे.” त्या खुर्चीत मी खोटा ठरलो. तू काढलेल्या कोडामुळं.

आणि हे उत्तर दे. ऑक्टोबरात पत्र आलं, तर ऑक्टोबरात मला कामून सांगितलं न्हाईस? तवा मी फोन बंद ठेवला नव्हता. भोक माझ्या कोडात होतं. सगळ्यांच्या आधी कळायचा हक्क माझा होता.

बुद्धरत्न

•

कलबुर्गी, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

मल्लप्पाचं वाचून जेवण गेलं न्हाई. त्यानं मला काय लिहिलं होतं ते आठवलं आणि तरीबी गेलं न्हाई.

तू विचारलंस म्हणून सांगते. ऑक्टोबरात तुला फोन लावायला मोबाईल हातात घेतला होता. मग वाटलं, तू येशील, एका दिवसात काहीतरी करशील, आणि लोक म्हणतील बुद्धरत्नानं वाचवलं. माझी चार वर्षं तुझ्या त्या एका दिवसाखाली जातील. म्हणून ठेवून दिला. माझं नाव वर यावं असं मला वाटतं, हे तू लिहिलंस ते तेवढ्यापुरतं खरं आहे. पण तुझं नाव पुसावं असं कधी वाटलं न्हाई. ‘गवंडी’ लिहिणाऱ्या माणसांच्या यादीत तुझं नाव पहिलं होतं, अजून आहे. तू फक्त फायली बघितल्यास.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटतं. त्यानं माझं पत्र चव्हाट्यावर टाकायचा हक्क तुला मिळत न्हाई, आणि त्या माणसाच्या ओळीखाली गप्प बसायचा तर मुळीच न्हाई. आडनाव वाचून माझ्या मुलाखतींत काय काय विचारलं ते मी तुला कधी लिहिलं न्हाई. तुझंबी आडनाव तेच, तुला ठाऊक आहे.

आता जाहीर सूचना निघायला पाहिजे. ती मी लिहिणार न्हाई. तू लिही. आणि मल्लप्पाला फोन करू नको. आळंदला जा.

मैत्रेयी

•

आळंद, १२ फेब्रुवारी २०२५

मैत्रेयी,

सूचना तू वाचली असशील. पाठवण्याआधी तुला दाखवली न्हाई, कारण तू त्यातले शब्द मऊ केले असतेस असं वाटलं. मग वाटलं, आताची तू केले नसतेस. ‘चूक माझ्या कोडात होती. मैत्रेयीनं ती योग्य रीतीनं काढली होती. मी न विचारता परत ठेवली आणि तिचा हक्क काढला. नुकसान माझ्यामुळं झालं.’ त्या आरक्षणवाल्या ओळीखाली उत्तर दिलं. लिहिलं की या अवजाराची पहिली ओळसुद्धा त्याच आरक्षणातून शिकलेल्या माणसानं लिहिलीय, नको असंल तर वापरू नका. तो निघून गेला. आणखी काही जण गेले.

पुण्याच्या त्या साहेबांनी दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं. सूचना निघाल्यावर त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं. नको म्हणाले.

मल्लप्पाकडं गेलो. क्लासच्या बाहेर बाकावर बसला होता. मी नाव सांगितलं. तो उठला न्हाई. म्हणाला, “अण्णा, तुमच्या बाजूनं मी त्या पोरीला काय काय लिहिलं.”

मी म्हणालो, “माझी चूक झाली.”

“तुमची चूक तुम्ही बघा. माझ्या तोंडून जे गेलं त्याचं मी काय करू?”

मग त्यानं विचारलं, “निंबर्ग्यात अजून सत्यभामाबाई आहेत. ऐकू कमी येतं, पण बोलतात. माझा मायक्रोफोन तेवढा राहिलाय. येता?” गेलो. म्हातारीनं आधी मला, मग मल्लप्पाला, मग सरकारला शिव्या दिल्या, तिन्ही भाषांत. सगळं नीट रेकॉर्ड झालं. उद्या दुसरं गाव. जे गेलं ते यानं परत येत न्हाई, हे दोघांनाबी माहीत आहे.

त्यानं तुझा नंबर मागितला, मी दिला. विचारायला पाहिजे होतं.

‘गवंडी’ची मालकीची किल्ली सोबत पाठवलीय. आता तू ठरव.

बुद्धरत्न

•

कलबुर्गी, ९ मार्च २०२५

दादा, जयभीम.

किल्ली मिळाली. पहिलं काम तुझा हक्क काढला. राग म्हणून न्हाई असं लिहिणार होते, पण रागबी होता. यापुढं ‘गवंडी’त कुणाचाबी बदल, माझा धरून, दुसऱ्या एका माणसानं तपासल्याशिवाय आत जाणार न्हाई. तो नियम पानावर टाकलाय. तपासणाऱ्यांत ती परदेशी पोरगी आहे.

मल्लप्पाचा फोन आला होता. कानडीत सुरू झाला, मराठीत रडला. मी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाले न्हाई. त्यानंबी मागितली न्हाई, फक्त सांगितलं. ते मला बरं वाटलं. तुझ्याबद्दलबी मी अजून तसं काही म्हणायले न्हाई, ध्यानात ठेव.

आई विचारत होती, बुद्धरत्न आळंदला काय करायलाय म्हणून. गावातल्या कुणीतरी तुला तिथं बघितलंय. मी सांगितलं न्हाई. ज्ञानोबाकाकांना तू सांग. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर ते मला विचारतील, आणि मी खोटं बोलणार न्हाई.

तुझा कोड काल पानावर आला. अनोळखी माणसासारखा, रांगेत लावून, रिवाजाप्रमाणं पाठवलास. गाठोडं नव्यानं लिहिलंस, उघडण्याआधी विचारणारं. सगळा वाचला. नामंजूर केलाय. एकच काम अजून दोन जागी आहे. तुटकं गाठोडं आलं तर काय होतं त्याची चाचणी न्हाई. विचारणारा संदेश फक्त इंग्रजीत आहे, मल्लप्पाच्या पोरांनी काय वाचायचं? आणि ‘भूक’ हे नाव तू परत घातलंस. प्रत्येक ओळीखाली कारण लिहिलंय, वाच.

नीट करून परत पाठव. दुसऱ्या दोघांनी ते काम मागितलं होतं. अजून कुणाला दिलं न्हाई.

मैत्रेयी